सहा मिलिमीटर

कुडचड्याच्या बाजारातून रेल्वे फाटकाकडे उतरताना
डाव्या हाताला माझं दुकान:
नावाच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, गाड्यांच्या नंबरप्लेटी.
तीस वर्षं ॲक्रिलिक कापतोय.
त्याचा वास मला माझ्या घामापेक्षा ओळखीचा.
पण त्याला आवाज असतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

कासिमिर आला तो पिकअपच्या मागच्या फळीवर बसून,
मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी धरून,
ताप आलेलं मूल आणतात तसं.
"फुटूंक ना," खालूनच म्हणाला, "तडकलां."

चादर सोडली तर बास ड्रम.
पिवळा. हळदीचा नव्हे, मधाचाही नव्हे,
खाणीवरच्या टिपरचा इंडिकेटर असतो ना,
बंद असतानाचा,
तो पिवळा.
आणि आरपार. त्याच्यातून माझाच काउंटर दिसत होता,
काउंटरवरची हिशेबाची वही, डिंकाची बाटली,
सगळं कुणाच्या तरी जुन्या फोटोतल्यासारखं.

मेव्हण्याने बोटीवरून आणला, शहात्तर साली.
मुरगावला कस्टमवाल्याने विचारलं, हे काय?
तर म्हणे पाण्याच्या टाक्या.
पाच टाक्या, लहानमोठ्या, झाकणासकट.
मग लग्नं, फेस्तं,
तियात्रांच्या स्टेजपुढचा तो अरुंद अंधार.
"आधीचे लाकडाचे होते," कासिमिर म्हणाला,
"जुलैत वाजवले की उशी बडवल्यासारखे.
ह्याला पाऊस कळतच नाही."

तडा वीतभर, स्क्रूच्या भोकापासून निघालेला.
सिरिंजमध्ये क्लोरोफॉर्म घेतला,
तोंडाशी एक थेंब ठेवला.
थेंब ढकलावा लागत नाही. तडा पितो.
आतली चंदेरी रेघ
टोकापर्यंत विझत जाते,
आणि आपण उगाच श्वास धरून बसतो.

माझे वडील घुमट वाजवायचे, चवथीला.
घुमट फुटलं की तुकडे ते तुळशीच्या बुडाशी टाकत
आणि न बोलता डिचोलीच्या कुंभाराकडे जायला निघत.
सिरिंज हातात असताना हे का आठवलं
ठाऊक नाही.

चोवीस तास हात लावू नको, सांगितलं.
तो विसाव्या तासाला हजर, अख्खा संच घेऊन.
शटर अर्धं ओढलं. स्टूल माझं घेतलं.
"आयक."

लाकूड आवाज आधी स्वतः ऐकतं, मग आपल्याला देतं.
हे काही ठेवून घेत नाही.
ठोका पडला की पडला. शेपूट नाही.
कोरडा, रुंद,
छातीच्या हाडावर कुणी तळहात टेकवावा तसा.
आणि सगळं दिसत होतं:
आत कोंबलेला निळा टॉवेल दर ठोक्याला दचकत होता,
पलीकडे कासिमिरचा सुजलेला गुडघा,
झिजलेली चप्पल पेडलवर.
इतकी वर्षं हा माणूस
लपायला काहीच नसलेल्या वाद्यामागे बसून
वाजवत आलाय.

तेवढ्यात भिंत बोलायला लागली.
आधी वाटलं रेल्वे. मालगाडीची वेळ नव्हती.
टेकवून ठेवलेल्या पाट्या होत्या त्या.
दंतवैद्य डॉ. केंकरे थरथरले,
नोटरी थरथरला,
'कुत्र्यापासून सावध' किणकिणली,
आणि मागे कोपऱ्यात
सात वर्षं कुणी न नेलेली एक पाटी,
नाव अर्धंच कोरलेलं,
ती सगळ्यांत उशिरा थांबली.

कासिमिरने काठ्या मांडीवर ठेवल्या.
"तुजीं भुरगीं," म्हणाला, भिंतीकडे बोट करून.

दीडशे झाले होते. त्याने दोनशे दिले,
सुटे मागितले नाहीत.
सांध्यावरून अंगठा फिरवून बघितला एकदा.
उन्हात धरलं तर रेघ अजून दिसते, मी आधीच सांगितलं होतं.
"रात्री वाजवतो मी," म्हणाला.

आता नवी शीट आली की
कापण्याआधी कडेला धरतो,
बोटाच्या पेराने एकदा मारतो, आणि थांबतो.
गिऱ्हाईक विचारतं, काय बघताय?
जाडी, म्हणतो.